कापूस पिकविणारा उघडा कां?

(कारंजा (घाडगे) येथें शेतकरी व कारागीर मंडळींपुढें झालेलें भाषण)



आज मला जो विषय नेमून दिला आहे तो ऐकून आपल्यापैकीं कांहीं जणांस हंसूं येईल. आफ्रिका खंडांतलें एखादें गरीब, शेतीवर जगणारें राष्ट्र आपली सांपत्तिक स्थिति कशी सुधारूं शकेल, हा तो विषय. मी सभेकडे येत असतां एका म्हाताऱ्या बाबांनीं मला वाटेंत गांठलें व म्हणाले, "बापू, आमच्या कारंज्याचं काय थे सांग ना. आफ्रिका कायले पायजे?" मीं त्यांस म्हटलें, "बाबा, मी आफ्रिकेची हकीकत सांगतों. तींत आपल्या गांवाचें नांव कोठें कोठें बसतें, तेवढें तुम्ही पाहत बसा." ते समोरच बसले आहेत. शेवटीं मी त्यांनाच विचारणार आहें.

पश्चिम आफ्रिकेंत बुर्किना फासो नांवाचा एक देश आहे. त्याला समुद्रकिनारा नाहीं. पावसाचे महिने तीन-चार. बाकीचें वर्ष कोरडें. तेथला शेतकरी पोटासाठीं ज्वारी-बाजरी पेरतो आणि पैशासाठीं कापूस पेरतो. बाया निंदतात, वेचतात, पाणी आणतात. १९६० सालापर्यंत तेथें फ्रेंचांचा अंमल होता. फ्रेंचांस आपल्या गिरण्यांसाठीं कापूस हवा होता, म्हणून त्यांच्या अंमलदारांनीं खेड्यापाड्यांतून तो सक्तीनें पेरून घेतला. पुढें फ्रेंच गेले, झेंडा बदलला. पण कापसाची वाट बदलली नाहीं. आजहि तेथला बहुतेक कापूस रेचला जातो, रुईच्या गांठी बांधल्या जातात आणि शेजारच्या देशांच्या बंदरांवरून त्या परदेशीं जातात. देशांत सूत निघतें तें अगदीं थोडें. उलट परदेशांतले जुने, वापरलेले कपडे गठ्ठ्यांनीं येतात, आणि ज्यानें कापूस पिकविला तोच बाजारांत उभा राहून ते विकत घेतो.

आतां आपल्या मुलखाकडे वळूं. वर्धा जिल्हा १८६२ सालीं निराळा झाला. त्या वेळीं अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें होतें. तें १८६१ पासून १८६५ पर्यंत चाललें. अमेरिकेचा कापूस विलायतेस मिळेना, तेव्हां मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांची नजर वऱ्हाड-नागपूरच्या काळ्या जमिनीवर पडली. हिंगणघाटचा कापूस आधींपासूनच नांवाजलेला होता. १८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोंचली. थोडीं वर्षें भाव चढला, लोक म्हणाले सोन्याचे दिवस आले. युद्ध संपतांच भाव कोसळला. सावकाराचें कर्ज मात्र जागच्या जागीं राहिलें. ज्या आगगाडीनें कापूस बाहेर नेला तिनेंच विलायती सूत आणि कापड आंत आणलें. कोष्ट्याचा माग बसला. महार बांधव जें जाडेंभरडें पण टिकाऊ कापड विणीत, तें बसलें. घरोघर कातणाऱ्या बायांचे चरखे माळ्यावर गेले. पुढें १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ पडले, तेव्हां हा बेकार विणकर हातांत कुदळ घेऊन दुष्काळी कामावर उभा राहिला.

गिरण्या आपल्याकडेहि निघाल्या, ही गोष्ट मी लपवीत नाहीं. १८७७ सालीं नागपुरास एम्प्रेस मिल सुरू झाली. नंतर हिंगणघाट आणि पुलगांव येथें गिरण्या झाल्या. हजारों घरांस मजुरी मिळाली. परंतु गिरणी ज्याची होती त्याचा कापूस नव्हता, आणि कापूस ज्याचा होता त्याचा गिरणींत एक खिळाहि नव्हता. एम्प्रेस मिल बंद पडली, पुलगांवची गिरणी बंद पडली. त्या बंद करतांना कापूसवाल्यास कोणीं विचारलें? भागीदारच नव्हता तर विचारणार कशाला!

मंडळी, आपल्यांत एक म्हण आहे: आंधळें दळतें आणि कुत्रें पीठ खातें. ही म्हण आपण दुसऱ्याला हंसण्यासाठीं वापरतों. आज आपण ती आपल्या घराला लावून पाहूं.

हिशेब करूं. एक क्विंटल कापूस रेच्यांत घातला म्हणजे सुमारें ३४ किलो रुई निघते, आणि बाकी बहुतेक सरकी. पांच क्विंटल कापसाची १७० किलोची एक गांठ होते. आतां त्या ३४ किलो रुईचें सूत काढलें, कापड विणलें, वाटेंत घट धरली, आणि एका सदऱ्यास पाव किलो कापड लावलें, तरी शंभर सदरे सहज होतात. २०२५-२६ च्या हंगामासाठीं सरकारनें लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरविला. म्हणजे एका सदऱ्यामागें शेतकऱ्याच्या वाट्यास ८१ रुपये. त्यांतच बियाणें, त्यांतच खत, त्यांतच फवारणी, निंदण, वेचाई आणि बैलांचा चारा; आणि सरकी तर फुकटच गेली. हा भाव प्रत्येकास मिळतोच असेंहि नाहीं. आतां तोच सदरा दुकानांत किती रुपयांस मिळतो, हें मीं सांगावयास नको. आपण दिवाळीला मुलांसाठीं घेतां.

मधला सगळा पैसा चोरीचा आहे काय? नाहीं. रेचणें हें काम आहे, कातणें काम आहे, विणणें, रंगविणें, शिवणें, विकणें हींहि कामें आहेत, आणि त्यांना यंत्र व भांडवल लागतें. पण हीं कामें आपल्या गांवीं होत नाहींत, म्हणून त्यांची मजुरी आणि नफा आपल्या गांवीं राहत नाहीं. उन्हांत राबण्याचें तेवढें काम आपल्याकडे, आणि सावलींत बसून होणारीं कामें दुसरीकडे. सरकीचेंच पाहा. आपली सरकी बाहेर जाते, तिचें तेल बाहेर निघतें, आणि आपल्याच गाईसाठीं ढेपेचें पोतें आपण परत विकत आणतों. गांवच्या तेल्याचा घाणा मात्र कधींचाच मोडून पडला आहे. आफ्रिकेंतल्या त्या देशाचें दुखणें हेंच, आणि आपलेंहि हेंच. जो मुलूख कच्चा माल विकतो आणि पक्का माल विकत घेतो, तो कितीहि राबला तरी दुसऱ्याच्या घरांत दिवा लावतो.

यावर कोणी शहाणा म्हणेल, "शेतकऱ्यानें जास्त पिकवावें, म्हणजे गरिबी जाईल." हाहि प्रयोग दोन्हीकडे झालेला आहे. आपल्याकडे २००२ सालीं बीटी कापसास परवानगी मिळाली. पहिल्या कांहीं वर्षांत बोंडअळी आटोक्यांत आली, पीकहि वाढलें. तें नाकबूल करण्यांत अर्थ नाहीं. पण हें बियाणें संकरित. पूर्वीं घरची सरकी राखून पेरणारा शेतकरी दर वर्षीं पाकीट विकत घेऊं लागला. पुढें गुलाबी बोंडअळी त्या बियाण्याला जुमानीनाशी झाली, आणि २०१७ च्या हंगामांत विदर्भांत तिनें काय केलें तें आपण आपल्या डोळ्यांनीं पाहिलें. बुर्किना फासोनेंहि २००८ सालापासून बीटीचें वाण घ्यावयास सुरुवात केली. तेथें पीक बरें आलें, परंतु धागा आंखूड निघाला. जगाच्या बाजारांत त्या देशाच्या लांब धाग्याला जो मान होता तो घसरला, आणि २०१६ च्या सुमारास त्यांनीं तें वाण सोडून दिलें. माझें वैर शास्त्राशीं नाहीं. शास्त्र आपल्याला हवेंच आहे. पण बियाणें निवडणारा एक, पेरणारा दुसरा, आणि नुकसान सोसणारा नेहमीं पेरणाराच, ही रीत मोडली पाहिजे.

दुसरा कोणी म्हणेल, "सरकार मदत करील." सरकारनें मदत केली पाहिजे, तें त्याचें कर्तव्यच आहे. २००६ सालीं आपल्या वर्ध्यासह विदर्भांतील सहा जिल्ह्यांकरितां ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. कर्जापायीं माणसें जीव देत होतीं, म्हणून ती झाली. त्यांतून कांहीं घरांस आधार मिळाला असेल. पण तेव्हांहि कापूस गाडींत भरून दुसऱ्याच्या काट्यावर जात होता आणि आजहि जातो. माझे वडील सांगत असत: एका व्यापाऱ्याकडे कापूस मापतांना त्यांनीं कटती कशाची म्हणून विचारलें, तर तो म्हणाला, "ओलावा आहे." वडील म्हणाले, "शेठजी, पंधरा दिवस अंगणांत वाळवला." त्यावर उत्तर मिळालें, "मग परत घेऊन जा." बैल थकलेले, घरीं देणेंकरी बसलेला. कापूस परत कोण नेणार? वडिलांनीं मुकाट्यानें कटती सोसली. मंडळी, मदतीचा पैसा एकदां येतो. कटती दर हंगामांत जाते.

शिवाय सरकारें सर्वांचें ऐकतात, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचें आधीं ऐकतात. २००३ सालीं मेक्सिकोंतील कानकून येथें जागतिक व्यापार संघटनेची परिषद भरली होती. तेथें बुर्किना फासो, बेनिन, चाड आणि माली या चार गरीब देशांनीं गाऱ्हाणें मांडलें, कीं अमेरिकेसारखे श्रीमंत देश आपल्या कापूसवाल्यांस एवढें अनुदान देतात कीं त्यामुळें जगांत भाव पडतो आणि आमचा शेतकरी मरतो. तक्रार खरी होती. परिषद मात्र निर्णय न होतां उठली. आणि आपल्याकडे? २०२५ च्या ऑगस्ट महिन्यांत केंद्र सरकारनें परदेशी कापसावरचा ११ टक्के आयातकर उठविला, व ती सूट पुढें डिसेंबर अखेरपर्यंत वाढविली. गिरणीवाल्यांस स्वस्त कापूस हवा होता. त्यांचें म्हणणें दिल्लीस पोंचलें. नेमका त्याच महिन्यांत आपला कापूस घरांत येतो, हें सांगावयास आपला कोण गेला होता?

मग उपाय काय? उपाय आहेत, आणि ते कोठें कोठें करून पाहिलेले आहेत. त्यांतले चांगले आणि फसलेले असे दोन्ही प्रकार मी सांगतों, कारण फसलेल्या उपायापासूनहि शिकतां येतें.

पहिला उपाय कपड्याचा. बुर्किना फासोंत १९८३ पासून १९८७ पर्यंत थॉमस सांकारा नांवाचा तरुण पुढारी सत्तेवर होता. आपल्या देशाच्या कापसाचें, आपल्याच विणकरांनीं विणलेलें कापड सरकारी नोकरांनीं घालावें, असा त्यानें हुकूम काढला. स्वतःहि तेंच घातलें. विणणाऱ्या बायांस काम मिळालें. पण १९८७ सालीं त्याचा खून झाला आणि तो जोर ओसरला. आपल्या वर्धेसहि १९३४ सालीं मगनवाडींत अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. कुमारप्पांसारख्या विद्वानानें तेथें घाणी, कागद, चामडें, मधमाशा यांवर कष्ट घेतले. तें काम मोलाचें होतें. परंतु मोठा बाजार गिरणीच्याच हातीं राहिला. यावरून बोध एवढाच घ्यावयाचा, कीं एका थोर माणसाच्या हुकमावर किंवा एका संस्थेच्या भक्तीवर मुलूख चालत नाहीं. सामान्य घरास त्यांत रोजचा पैसा दिसला पाहिजे, तरच तें काम पुढाऱ्याच्या मागें टिकतें.

दुसरा उपाय सरकारी खरेदीचा. तो आपणच करून पाहिला. १९७२ सालापासून महाराष्ट्रांत एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू झाली. व्यापाऱ्यास बाजूस सारून सर्व कापूस सरकारी यंत्रणेनें घ्यावयाचा, रेचून विकावयाचा आणि वाढीव पैसे शेतकऱ्यास द्यावयाचे, असा तिचा हेतु. कांहीं वर्षें शेतकऱ्यास तिचा आधार वाटला. पुढें चुकारे रखडले, तोटा साचला, आणि दोन-तीन दशकांनीं ती मोडीत निघाली. त्या योजनेंत कापूस आपला होता, नांव आपलें होतें, पण चावी आपल्या हातीं नव्हती. मालक बदलला, आपण मात्र जेथें होतों तेथेंच, म्हणजे काट्याच्या अलीकडेच उभे राहिलों.

तिसरा उपाय मालकीचा, आणि माझ्या मतें हा खरा. पूर्व आफ्रिकेंत केनिया नांवाचा देश आहे. इंग्रजांच्या राज्यांत तेथील काळ्या शेतकऱ्यांस चहा-कॉफीसारखीं पैशाचीं पिकें लावण्यास बहुतेक बंदीच होती. पीक गोऱ्या मळेवाल्याचें, आणि मजुरी काळ्याची. १९५४ नंतर हें बंधन सैल होत गेलें. देश स्वतंत्र झाल्यावर, १९६४ सालीं, लहान शेतकऱ्यांच्या चहासाठीं एक मंडळ स्थापन झालें. शेतकऱ्यानें हिरवीं पानें तोडून जवळच्या केंद्रावर न्यावयाचीं. तेथें तीं मापावयाचीं, दर महिन्यास कांहीं रक्कम द्यावयाची, आणि वर्षअखेर चहा विकला गेला म्हणजे बाकीचा हिशेब द्यावयाचा. हळूहळू चहाचे कारखाने उभे राहिले आणि त्यांचे भागधारक तेच पानें तोडणारे शेतकरी झाले. २००० सालीं तें मंडळ सरकारच्या हातून सुटून शेतकऱ्यांच्या कंपनीकडे गेलें. आज तेथें लाखों लहान शेतकरी यांत आहेत, आणि केनियाच्या एकूण चहापैकीं निम्म्याहून अधिक चहा या लहान शेतांतून येतो. तेथेंहि सर्व गोड नाहीं. कारभाऱ्यांविरुद्ध शेतकऱ्यांच्या तक्रारी झाल्या, कायदा बदलावा लागला, आणि बराचसा चहा अजूनहि मोंबासाच्या लिलावांत पोत्यांनींच विकला जातो. पण ज्याला पूर्वीं चहाचें झाड लावण्याची परवानगी नव्हती, तो आज चहाच्या कारखान्याचा भागधारक आहे. एवढी मजल थोडी नव्हे.

आपल्याच राज्यांत प्रवरानगरचें उदाहरण आहे. विठ्ठलराव विखे पाटील यांनीं खेड्यांतल्या शेतकऱ्यांकडून थोडे थोडे पैसे जमविले, धनंजयराव गाडगिळांसारखा अर्थशास्त्री पाठीशीं घेतला, आणि १९५० च्या सुमारास शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला. उसवाल्यानें साखर आपल्या हातीं ठेवली. मग कापूसवाल्यानें सूत कां ठेवलें नाहीं? आपल्याकडे सहकारी सूतगिरण्या निघाल्या नाहींत असें नाहीं, निघाल्या. त्यांपैकीं कित्येक कर्जांत बुडाल्या. कोठें पाटी सहकाराची होती आणि आंत एकाच घराण्याची बैठक होती. कोठें सभासदांनीं भाग घेतला आणि पुन्हा हिशेब विचारला नाहीं. दोष चोरी करणाऱ्याचा आहेच. पण झोंपलेल्या धन्याचाहि थोडा आहे, हें आपण कबूल केलें पाहिजे. ऊस आणि कापूस यांत एक फरकहि आहे. ऊस तोडला कीं लगेच गाळावा लागतो, म्हणून कारखाना शेताजवळच लागतो. कापूस महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून तो दूर नेतां येतो. पण जें टिकतें तें थांबवूनहि ठेवतां येतें, ही त्यांतली सोय आपण कधीं वापरली नाहीं.

आतां कारंज्याच्या खास मालाकडे येतों, म्हणजे संत्र्याकडे. कारंजा आणि आष्टीच्या बाजूला संत्र्याच्या बागा आहेत. नागपुरी संत्र्याला २०१४ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. पण बाग झाडावरच ठेक्यानें देऊन टाकण्याची आपली रीत. गारपीट झाली कीं व्यापारी भाव पाडतो. भाव चढला तर चढता पैसा त्याचा. हा माल मोठ्या प्रमाणांत बांगलादेशांत जात असे. २०१९ पासून त्या देशानें आयातकर चढवीत नेला, आणि इकडे बागाईतदारांच्या तोंडचें पाणी पळालें. एका गिऱ्हाइकावर विसंबणाऱ्याची अशीच गत होते, मग तो बागाईतदार असो वा राष्ट्र असो. "रसाचा कारखाना काढा म्हणजे झालें," असें सभांतून सांगतात. तेंहि नीट समजून घ्यावें. नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला कीं थोड्या वेळानें कडवट होतो. हा त्या फळाचा गुण आहे आणि त्यावर निराळी प्रक्रिया लागते. म्हणून आधीं सोपें काम धरावें: फळ आपण तोडावें, लहान-मोठें निवडावें, धुवून मेण द्यावें, पेट्या भराव्या, आणि एकाऐवजीं पांच बाजार शोधावे. कारखाना त्यानंतर.

चौथी गोष्ट जमिनीची आणि पाण्याची. बुर्किना फासोच्या उत्तर भागांत याकुबा सावाडोगो नांवाचा एक शेतकरी होता. १९८० च्या सुमारास तेथें दुष्काळानें जमीन दगडासारखी झाली, लोक गांव सोडून गेले. यानें जुन्या रीतीचे लहान लहान खड्डे उन्हाळ्यांतच खणले, त्यांत शेणखत टाकलें, आणि पाण्यास अडविण्यासाठीं दगडांच्या ओळी लावल्या. लोकांनीं त्याला वेडा म्हटलें, त्याचीं झाडें जाळलीं. पण पहिल्या पावसांत खड्ड्यांत पाणी थांबलें, ज्वारी उभी राहिली, आणि पुढें उजाड माळावर रान झालें. दुरून लोक शिकावयास येऊं लागले. २०१८ सालीं त्याचा जगांत मोठा सन्मान झाला. २०२३ सालीं तो वारला. आपल्या शेजारीं आर्वी तालुक्यांत काकडदरा हें लहानसें गांव आहे. त्या गांवानें श्रमदानानें चर खणले, बांध घातले, आणि २०१७ च्या पाणी स्पर्धेंत राज्यांत पहिला नंबर मिळविला. दोघांकडेहि भांडवल नव्हतें. कुदळ होती आणि एकी होती. माती वाहून गेली तर गिरणी काढून तींत घालावयाचें काय?

पांचवी गोष्ट, आधीं पोट. ज्या वर्षीं सगळें शेत कापसाला दिलें त्या वर्षीं भाव पडला तर घरांत ज्वारीहि नाहीं आणि पैसाहि नाहीं. तूर, ज्वारी, चारा आणि दावणीला एक गाय, एवढें घर सांभाळूनच पैशाचें पीक घ्यावें. या भागाची गवळाऊ गाय मुलखांत नांवाजलेली आहे. तिच्या जातीसाठीं आपल्याच तालुक्यांत हेटीकुंडीस सरकारी पैदास केंद्र आहे. चपळ बैल, काटक गाय, आणि आपल्या उन्हाची तिला संवय. ती आपल्याच दावणींतून नाहींशी होऊं देणें शहाणपणाचें नाहीं.

आतां प्रत्यक्ष काय करावयाचें तें सांगतों आणि आटोपतें घेतों.

पन्नास घरांनीं एकत्र यावें. प्रत्येक घराचा कापूस दहा क्विंटल धरा. म्हणजे पांचशें क्विंटल. त्याच्या शंभर गांठी होतात, सतरा टन रुई. एवढा माल एका जागीं असला म्हणजे सूतगिरणीचा माणूस बोलणी करावयास येतो. दहा क्विंटलवाल्याकडे तो कधींच येत नाहीं. रेच्याचें यंत्र विकत घेण्याची आज गरज नाहीं. भाडें देऊन कापूस रेचून घ्यावा, रुई आपली ठेवावी, सरकीहि आपली ठेवावी. रुई गिरणीस विकावी. सरकी तेल्यास द्यावी आणि ढेप गांवांत राखावी. शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्यांसाठीं कायद्यांत २००३ पासून सोय आहे. यांत धोका नाहीं असें मी म्हणत नाहीं. रुईचा भाव पडूं शकतो. म्हणून पहिल्या वर्षीं सगळा माल घालूं नये, निम्मा घालावा. गरजू घरास पैसा लगेच लागतो. म्हणून आधीं उचल देण्यापुरती रक्कम जमवावी. तूर-सोयाबीनसाठीं बाजार समितीची शेतमाल तारण योजना आहे. माल गुदामांत ठेवून कर्ज मिळतें. तिचा उपयोग करून घाईची विक्री टाळावी.

पण तीन अटी पाळल्या पाहिजेत, नाहींतर हेंहि बुडेल. पहिली, काटा उघडा असावा. प्रत्येकाचें माप चारचौघांत व्हावें. दुसरी, हिशेब दर महिन्यास चावडीवर वाचून दाखवावा, आणि कारभारी दर तीन वर्षांनीं बदलावा, मग तो माझा भाऊ असो कीं तुमचा जांवई असो. तिसरी, घरधनीण सभासद असावी. कापूस पेरते कोण, निंदते कोण, वेचते कोण? बाईच. मग पट्टीवर अंगठा एकट्या बाप्याचा कां? जिच्या बोटांना बोंडाचे कांटे टोंचले तिला भाव कळलाच पाहिजे.

आणि या सर्वांच्या मुळाशीं विद्या आहे. ज्याला वजन वाचतां येत नाहीं, व्याज मांडतां येत नाहीं, करार समजत नाहीं, त्याला कंपनी काढून दिली तरी तो तिच्यांत हमालच राहील. लग्नांत मांडव मोठा घालण्यासाठीं आपण कर्ज काढतों. मुलीला बारावीनंतर वर्ध्यास-नागपुरास शिकावयास धाडतांना मात्र पैसा नसतो. हें उलटें झालें पाहिजे. गांवांतल्या एका मुलीनें हिशेबनिशी शिकावी, एका मुलानें धाग्याची पारख शिकावी, एकानें यंत्र दुरुस्ती शिकावी. लोहार, सुतार, शिंपी, कोष्टी, तेली या आपल्या कारागीर घरांतच ही बुद्धि आहे. रेच्याचें यंत्र दुरुस्त करावयास बाहेरून मिस्त्री कशाला आणावा?

बुर्किना फासोची आजची स्थिति कठीण आहे. बंडाळी माजली आहे, लाखों लोक घरें सोडून गेले आहेत, २०२२ सालीं सैन्यानें दोनदां सत्ता उलथविली. उपाशी तरुणाच्या हातांत विणण्याचा धोटा मिळाला नाहीं तर बंदूक सहज मिळते. आपल्याकडे त्याच निराश तरुणाच्या हातांत कीटकनाशकाची बाटली येते. राष्ट्र म्हणजे अशीं घरेंच. घरानें आपला माल अर्ध्या वाटेवर सोडून दिला नाहीं तर राष्ट्र सुधारेल. तें आफ्रिकेंत असो वा वर्ध्यांत.

कां हो बाबा, बसलें का कुठें कारंज्याचें नांव? बाबा म्हणतात, "साऱ्याच जागी बसलं, बापू." तर मग माझें काम झालें. आतां या मंडपांतून उठण्यापूर्वीं पन्नास घरांचीं नांवें एका कागदावर यावींत, आणि पहिलें नांव बाबांच्या सुनेचें असावें, एवढीच माझी विनंती आहे.